उजव्या पायाच्या ओळी

वेस्तरोस, स्वीडन
४ सप्टेंबर २०१६

आउनेताई,

फोन केला तर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि मी ओरडले तर खालच्या मजल्यावरची बाई छताला झाडूचा दांडा आपटते. म्हणून लिहितेय.

बातमी अशी की माझा डावा खुबा गेला. डॉक्टरीण म्हणाली, हाडावर हाड घासतंय, बदलून घ्या. मी म्हटलं, बाई गं, चौऱ्याहत्तर वर्षं वापरलाय, घासणारच की. ती हसली नाही. फिनलंड सोडून मला इथे येऊन पन्नास वर्षं झाली, पण इथल्या डॉक्टरांना हसवायची माझी हौस काही जात नाही.

आता तुला विचारते, कारण आपल्या घरात धातूचा खुबा असलेली तू एकटीच. बारा वर्षं झाली ना तुझ्या खुब्याला? अजून जागेवर आहे का तो? हलतो का, कुरकुरतो का, थंडीत ठणकतो का? आमच्या इमारतीत एक बाई आहे, तिचा आठ वर्षांत सैल झाला. पुन्हा कापलं बिचारीला, आता कुबड्यांवर आहे. मला भीती वाटते, ताई. मी तुझ्यासारखी नाही, स्पष्ट लिहिते. तीन जिने चढायचे असतात, तर दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून जरा रडून घेते आणि तोंड पुसून वर जाते.

पियाला विचारत नाही. मुलगी माझी गुणाची आहे, पण कुठेकुठे वाचून येते आणि मला आणखी घाबरवते. तू हो म्हणालीस तर मी करून घेईन. तू नाही म्हणालीस तर राहिलं.

आणि नीट झालं, तर पुढच्या उन्हाळ्यात कुस्ताव्हीला येते, सौनात, आपल्या वाफेच्या न्हाणीत, वरच्या गरम बाकावर चढून बसते आणि तुला खाली बसवते. बघच तू.

तुझी इर्या


कुस्ताव्ही
१९ सप्टेंबर २०१६

इर्ये,

पत्र पोचलं. बटाटे काढून झाले. लहान आहेत पण बरे आहेत.

खुब्याचं म्हणशील तर तक्रार नाही.

एवढ्यानं तुझं भागणार नाही. तू स्वीडिश झालीयस, तुला सगळं उलगडून सांगावं लागतं. तर ऐक. तुर्कूच्या इस्पितळात माझा खुबा बदलला, तेव्हा तिथे आमच्यासारख्या म्हाताऱ्या बायकांचा अभ्यास चालला होता. ज्यांची हाडं आतून पोकळ व्हायला लागलीत, त्यांच्यात बिनसिमेंटची दांडी टिकते का, हे त्यांना बघायचं होतं. सिमेंट भरत नाहीत, मांडीच्या हाडात दांडी नुसती ठोकून बसवतात. पुढे हाडानं तिला आपणहून धरायचं. त्या वेळी हाडात आजूबाजूला मोहरीहून बारीक धातूचे मणी पेरून ठेवतात. मग दोन बाजूंनी एकदम एक्स-रेचे फोटो काढतात आणि मण्यांपासून दांडी किती सरकली ते मोजतात. केसाएवढी सरकली तरी कळतं. आमच्यातल्या निम्म्या बायकांना हाडाच्या औषधाची सलाइन लावली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. मला काय मिळालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पहिले काही महिने दांडी जरा खाली बसते. सगळ्यांचीच बसते. मग हाड तिला धरतं. तू वेस्तरोसला गेलीस तेव्हा पहिल्या हिवाळ्यात दर आठवड्याला रडकं पत्र यायचं. मग महिन्याला यायला लागलं, मग नुसतं नाताळचं कार्ड. तसंच आहे ते.

अजूनही अधूनमधून बोलावतात. पुढच्या महिन्यात फोटोला जायचंय.

नगरपालिकेची नर्स येऊन गेली. म्हणते, जमिनीवरच्या सतरंज्या उचला आजी, पाय अडकून पडाल. मी म्हटलं, जन्मभर चिंध्यांच्या सतरंज्या विणल्या त्या काय भिंतीला लावायला? तिनं कॉफी घेतली, वेलदोड्याचा पाव खाल्ला आणि गेली. वेसा आला होता. त्याच्या तुर्कूच्या इमारतीत एक खोली रिकामी होतेय. लिफ्ट आहे म्हणतो. मुलगा चांगला आहे माझा, पण हल्ली लिफ्टशिवाय दुसरं बोलत नाही.

खुबा करून घे. नाताळला सतरंजी पाठवते.

आउने


वेस्तरोस
२७ नोव्हेंबर २०१६

आउनेताई,

तुझ्या शब्दावर हो म्हणून आले. तारीख मिळाली, फेब्रुवारीची एकवीस. आता रोज सकाळी उठले की आधी कॅलेंडर बघते. बिनसिमेंटचीच बसवणार म्हणतात, तुझ्यासारखी. डॉक्टरणीला सांगितलं, माझ्या बहिणीची बारा वर्षं जागची हललेली नाही. ती म्हणाली, वा, छान. मला तेवढ्यानंसुद्धा बरं वाटलं.

पण ताई, तू मला यंत्राचं सांगितलंस. बाईचं सांग ना! जून महिन्यात धक्क्यावर गुडघे टेकून सतरंज्या घासतेस का अजून? सौनात वरच्या बाकावर चढतेस का? मागावर बसतेस ती किती वेळ बसतेस? ऑक्टोबरात फोटो काढले, त्यात काय निघालं? तुझ्या पत्रात बटाटे असतात, बेटावर येणारी बोट असते, वेसाची लिफ्ट असते, फक्त तूच नसतेस.

परवा आईच्या मागाची आठवण आली. चर्चसाठी ती अख्ख्या मागाच्या रुंदीची सतरंजी घातली होती, आठवतं का? एकीचा हात पलीकडे पोचायचा नाही म्हणून आपण दोघी एका बाकावर. तू डावीकडे, मी उजवीकडे. मी चिंध्या गुंडाळलेला धोटा फेकायचे आणि तो तुझ्या मांडीवर आदळायचा. तू एकदाही ओय म्हटलं नाहीस. मला वाटायचं, हिला लागतच नाही.

थंडी सुरू झाली. जिन्यात दिवा नाही. जपून आहे.

इर्या


कुस्ताव्ही
१४ डिसेंबर २०१६

इर्ये,

सोबत सतरंजी आहे. निळे पट्टे आपल्या बाबांच्या कामाच्या शर्टांचे. लाल कुठले ते आठवत नाही.

ऑक्टोबरात वारा फार होता. समुद्र अजून गोठलेला नाही. वेसा नाताळला येईल, डुकराचं मांस तो आणणार आहे, गाजराचं मी करीन.

तुझी शस्त्रक्रिया नीट होईल. त्यानंतर पायात पाय घालून बसू नकोस आणि खुर्ची उंच घे.

सण सुखाचा जावो.

आउने


वेस्तरोस
२ जानेवारी २०१७

आउने,

ताई म्हणत नाही आज. रागावलेय.

सतरंजी मिळाली. छान आहे. पियानं लगेच स्वयंपाकघरात पसरली, दोन फोटो काढले, जगाला दाखवले. ती गेल्यावर मी खुर्चीवर बसून काठीनं तिचा कोपरा उलटवला आणि खालची बाजू बघितली. कोणी शिकवलं मला उलटी बाजू बघायला? तूच ना?

एक ओळ घट्ट, तिच्या वरची सैल. पुन्हा एक घट्ट, एक सैल. प्रत्येक सैल ओळीत ताण्याचे उभे दोरे सुटलेत, खाली लोंबतायत, कुठे दोन तर कुठे चार. सुरुवातीला कमी, शेवटाकडे जास्त. हातच्या काकणाला आरसा कशाला? डावा पाय मागाखालची फळी पुरी दाबतोय आणि उजवा दाबत नाहीये. म्हणून दोऱ्यांमधली फट पुरती उघडत नाही आणि धोटा भलतीकडून जातो. आईनं अशी सतरंजी मला उसवायला लावली असती. तुझी असली तर तू स्वतः उसवली असतीस, पत्रात बातमीही न देता. तशीच पाठवलीस, म्हणजे पुन्हा विणायची ताकद नव्हती.

खुबा कुठला बदललाय तुझा? उजवाच ना!

तू म्हणालीस तक्रार नाही. त्या दोन शब्दांवर मी माझं हाड कापायला देतेय! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तू जन्म काढलास, काढ. पण या वेळी त्या मुठीत माझा पाय आहे. खरं काय ते सांग. तुझा खुबा सैल झालाय का? ऑक्टोबरात फोटोत काय निघालं? जाऊन दाखवून ये आणि मला लिही, नाहीतर मी एकवीस तारखेला जात नाही. पियाची शपथ.

इर्या


कुस्ताव्ही
२० जानेवारी २०१७

इर्ये,

भेट म्हणून आलेली वस्तू कोणी उलटी करून बघतं का?

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते चुलीत घालणार होते. नाही घातलं. दहा दिवस कॉफीच्या डब्याखाली होतं.

उजवी मांडी गेल्या ऑगस्टपासून दुखते. आधी जंगलात ब्लूबेरी तोडताना उभं राहवेना. मग टपालपेटीपर्यंत जाताना मध्ये थांबायला लागले. आता पाय कधीकधी ऐकतच नाही. सौनात खालच्या बाकावर बसते, गेल्या महिन्याभरात एकदाच गेले. सतरंजीचं तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. शेवटचा हातभर भाग विणायला मला दोन आठवडे लागले. लोंबणारे दोरे मलाही दिसत होते. म्हटलं, स्वीडनमध्ये कोण बघतंय.

ऑक्टोबरात मी गेले नाही. आदल्या आठवड्यात इस्पितळातून एका मुलीचा फोन आला, तारीख लक्षात आहे ना म्हणून. तिनं विचारलं, खुब्याचा काही त्रास? मी म्हटलं, तक्रार नाही. ती म्हणाली, मग आजी, इथे गर्दी आहे, वसंतात ढकलू का? मी म्हटलं, ढकल. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पोरीनं खरंच विचारलं होतं. आपल्याकडे कसं आहे तुला माहीत आहे. बाबांचा हात करवतीत गेला आणि शेजारी धावत आले, तेव्हाही ते म्हणाले होते, तक्रार नाही, दुसरा आहे. सगळे हसले. मला वाटायचं, असंच बोलायचं असतं.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू जिन्यात रडत बसली असतीस आणि खुबा तसाच ठेवला असतास. आणि दुसरं. तो सैल झाला असेल तर पुन्हा कापतील. या वयात पुन्हा कापलं की बोटीनं परत इथे कोणी आणत नाही. वेसाची लिफ्ट तयार आहे. माग तिथे मावत नाही, मी विचारून झालंय. मला भ्याले म्हण, काही म्हण.

एकतीसला जाते. वेसा नेणार आहे. त्याला म्हटलं, नेहमीची तपासणी आहे.

आउने


कुस्ताव्ही
५ फेब्रुवारी २०१७

इर्ये,

जाऊन आले. डॉक्टर रुओहोनेन नावाचा तरुण आहे, चाळिशीचा असेल. मला बघून त्याला फार आनंद झाला, कारण त्या अभ्यासातल्या बऱ्याच बायका आता हयात नाहीत. फोटो काढले. मग पडदा माझ्याकडे वळवून त्यानं दाखवलं. मांडीच्या हाडात ती दांडी उभी आहे आणि तिच्याभोवती मणी, पीठ सांडल्यासारखे. पहिल्या हिवाळ्यात ती जरा खाली बसली होती. त्यानंतर आजपर्यंत जागची हललेली नाही. हाडानं तिला असं धरलंय की काढायची म्हटली तर हाड फोडावं लागेल. खालीवर, मागेपुढे, सगळीकडून मोजलं त्यानं. म्हणाला, इतका सुंदर खुबा फार कमी बघायला मिळतो. मी म्हटलं, मग दुखतं काय?

तेव्हा कुठे त्यानं मला बाकावर आडवं केलं. पाय उचलायला लावला, सुईनं टोचलं, गुडघ्यावर हातोडी मारली. पाठीचे वेगळे फोटो काढले. कण्यात जागा कमी झालीये, शीर दबते आणि पाय लुळा पडतो. खुब्याचा त्यात काही संबंध नाही. ऑगस्टात आला असतात तर पायातली ताकद एवढी गेली नसती, म्हणाला. रागावून नाही, सहज म्हणाला. कापणार नाहीत. व्यायाम दिलेत. ताकद थोडी परत येईल, सगळी नाही. मागाची फणी जोरात ठोकायची नाही, एका बैठकीत फार वेळ बसायचं नाही.

इतकी वर्षं मी त्या दांडीची काळजी केली. तिला काही झालेलं नाही. झालंय ते मला.

वेसा दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. गाडीत त्यानं हीटर माझ्या पायांकडे वळवला. मग म्हणाला, आई, मागाला गिऱ्हाईक बघू का, तुर्कूच्या हस्तकला शाळेला हवा आहे. मी म्हटलं, बघ.

तू एकवीसला जा. हे मी या वेळी विचार करून लिहितेय. खुबा टिकतो.

आउने


वेस्तरोस
१२ मार्च २०१७

आउनेताई,

झालं एकदाचं! भूल दिली होती म्हणून दांडी ठोकलेली कळली नाही, पण जागी झाले तर मांडी अशी जड की कोणीतरी माझ्यावर ओंडका ठेवून विसरून गेलंय असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी उभं केलं त्यांनी. मी किंचाळले. मनसोक्त किंचाळले, तुझ्याही वाटणीचं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, तुम्ही फिनिश असून असं ओरडता? मी म्हटलं, घरात कोणीतरी एकीनं ओरडायला नको का?

आता पियाकडे आहे. दुखतं, पण हे दुखणं निराळं आहे, बरं होणारं आहे. जुनं घासणं गेलं. डॉक्टरीण म्हणाली, पहिले महिने जरा खाली बसेल, घाबरू नका. मी म्हटलं, माहीत आहे, सगळ्यांचीच बसते. तेव्हा हसली बरं का ती! पन्नास वर्षांनी.

तू गेलीस, दाखवलंस, खरं लिहिलंस. राग गेला माझा. तुझ्या पाठीचं वाचून मात्र मी खूप रडले. ऑगस्टपासून तू एकटी टपालपेटीच्या वाटेवर थांबत होतीस आणि मी इथे वरच्या बाकाच्या बढाया मारत होते.

पिया म्हणते तीन जिने आता पुरे. वृद्धांच्या घरात माझं नाव घालून आलीये. जागा जूनमध्ये मिळेल. स्वच्छ आहे, तळमजल्यावर खोली, खिडकीतून पार्किंग दिसतं. तिथे फिनिश बोलणारी एक नर्स आहे, असं मला कौतुकानं सांगते. एक नर्स, ताई. तीही मंगळवारी आणि शुक्रवारी.

मी सौनाचं लिहिलं होतं ना, पुढच्या उन्हाळ्यात येते म्हणून. ते पंधरा दिवसांच्या सुट्टीचं नव्हतं. स्टेन गेला, मी नवऱ्यावाचून एकटी उरले, तेव्हापासून मनात आहे. तुला विचारणार होते, मग म्हटलं तुझी शिस्त, तुझं घर, मी बडबडी. जाऊ दे. वाच आणि सोडून दे. तुझंच तुला खूप झालंय.

माग गेला का गं?

इर्या


कुस्ताव्ही
९ एप्रिल २०१७

इर्ये,

बर्फ फुटलं. बोट परत वेळेवर आहे.

माग इथेच आहे. गेल्या शनिवारी वेसाला बोलावलं, ताणा चढवायला. त्याला वाटलं, शाळेला देण्याआधी मी माग कसा चालतो ते दाखवणार आहे. बिचारा दिवसभर दोरे धरून उभा होता. निम्मा ताणा गुंडाळल्यावर त्यानं रुंदी बघितली. म्हणाला, आई, हे तुला एकटीला पोचायचं नाही. मी म्हटलं, नाहीच पोचणार. त्यानं उरलेला ताणा गुंडाळून पुरा केला. मग शाळेला फोन करून नाही म्हणाला आणि स्वतःहून सौनाच्या पायऱ्यांना कठडा ठोकून गेला. लिफ्टचं काही बोलला नाही.

चर्चच्या सतरंजीएवढी रुंदी आहे. डावीकडे मी बसेन आणि डाव्या पायानं दाबेन. उजवी फळी तुझी, तुझा उजवा पाय अजून चांगला आहे. फणी दोघींनी मिळून ओढायची, म्हणजे कोणाच्या पाठीला भार नाही. बाकाखाली लाकडाचे ठोकळे घालून तो चार बोटं वर घेतलाय, नव्या खुब्याला खाली बसणं चालत नाही. चिंध्या कापून ठेवल्यात. धोटा जपून टाक. माझ्या मांडीवर आदळायचा तेव्हा लागायचं. रोज लागायचं.

धक्क्याकडची खोली तुझी. रंग दिलेला नाही, तू येऊन निवड, तुला प्रत्येक गोष्टीत मत असतं. पियाला सांग, उन्हाळ्यात पोरांना घेऊन हवं तितकं ये. तुझी बडबड मला निम्मी ऐकू येणार नाही, तेव्हा तुझा संकोच वाया जाईल.

परवा डॉक्टर रुओहोनेनचा फोन होता. व्यायाम कसे चाललेत, काही तक्रार? मी म्हटलं, आहे, लिहून घ्या. आणि त्याला पाठीचं, पायाचं, झोपेचं सगळं सांगितलं. तुला मात्र जे सांगायचंय ते त्याच्या कामाचं नाही, म्हणून इथे लिहिते.

तक्रार आहे, इर्ये. मला एकटीला होत नाही. माग होत नाही, रविवारची सौना होत नाही, दोन माणसांच्या टेबलाशी एक ताट होत नाही. तू गेलीस तेव्हापासून होत नव्हतं. बोट सुटताना मी धक्क्यावरून तुला हात केला आणि घरी येऊन बटाटे सोलले.

ये. पंधरा दिवसांसाठी येऊ नकोस.

आउने